पनवेलच्या पोटातले शब्द

दहावीला इंग्रजीत नापास झालेलं माणूस तुमच्या घरात आहे की नाही?

जरा आठवून बघा. मावशी असेल, वहिनी असेल, शेजारच्या बिल्डिंगचा वॉचमन असेल. गणितात नापास झालेला माणूस ते हसत सांगतो. इंग्रजीत गेलेलं माणूस मात्र ते सांगताना आवाज खाली घेतं. लग्नाच्या बोलणीत "मुलगी दहावीपर्यंत शिकलीय" असं म्हणतात, आणि त्या 'पर्यंत'मध्ये एक अख्खं आयुष्य दाबून बसवलेलं असतं. हा अन्याय आहे, असं मी आजवर बऱ्याच पत्रकांत लिहिलं. आमच्या घरात तान्ही असताना मी ज्या झोळीत झोपायचे तिच्याखालीसुद्धा पत्रकांचे गठ्ठे असायचे, त्यामुळे लिहिण्याची सवय जुनीच. लोकांनी पत्रकं घेतली, वाचली, आणि बऱ्याच जणांनी त्यात शेंगदाणे बांधले. एका माणसानं मात्र पत्रक न काढता त्या अन्यायाशी दोन हात केले, आणि तेही तीन-तीन अक्षरांचे शब्द हाताशी घेऊन. त्या मुकादम सरांबद्दल आज लिहायचं आहे.

सर जुन्या पनवेलमधल्या एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते. मी त्यांना पाहिलं ते वाचनालयात, मागच्या खिडकीजवळच्या टेबलावर. दर शनिवारी दुपारी सर तिथे बसायचे. पांढरी, नीट कातरलेली दाढी, बाहेर कडकडीत ऊन असलं तरी टेबलाच्या कडेला अडकवलेली छत्री, आणि शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यातलं एक चालायचं नाही. ते उसनं मागणाऱ्यांसाठी. "जे पेन परत यायचं नाही, ते न चालणारंच गेलेलं बरं," असं त्यांचं म्हणणं. टेबलावर बेकरीतल्या नानकटाईचा पुडा आणि बाटल्यांच्या झाकणांनी भरलेली एक कापडी पिशवी. प्रत्येक झाकणावर लाल नेलपॉलिशनं एक इंग्रजी अक्षर काढलेलं. नेलपॉलिश मुलीचं होतं. ती सासरी गेल्यावर बाटली घरात राहिली, आणि सरांना ती वाया घालवायची नव्हती.

त्या टेबलाला क्लास म्हणायला सरांची सक्त मनाई होती. क्लास कामोठ्यात असतात, एसी लावून, म्हणायचे. इथे फक्त बसायचं.

बसायला येणारे म्हणजे इंग्रजीत गेलेले लोक. त्यांच्यात पाटीलमामा कायमचे. हे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांना कसलीच परीक्षा द्यायची नव्हती; घरी बायको बसू देत नाही म्हणून यायचे आणि हरले की चिडायचे. आणि दुसरी सविता. आपट्याजवळच्या एका गावातून यायची, तिशी ओलांडलेली, अंगणवाडीत मदतनीस. मुलांना खिचडी वाढायची, त्यांची नाकं पुसायची, सेविका रजेवर असली की गाणी-गोष्टीही तीच घ्यायची. पण सेविका व्हायचं तर आधी दहावी, मग बारावी. आणि दहावीत तिचा एकच विषय राहिला होता. दोन वेळा ती परीक्षेला बसली, आणि दोन्ही वेळा अर्ध्या तासात कोरा पेपर देऊन बाहेर आली. तिसऱ्यांदा बसायची तिची हिंमत होत नव्हती. सरांकडे येते म्हटल्यावर सासू म्हणाली होती, "एबीसीडी शिकून मासली सस्ती मिलनार हाय का?"

पहिल्या दिवशी ती टेबलापाशी उभीच राहिली. सरांनी तिला काही विचारलं नाही. झाकणांच्या पिशवीतून सहा झाकणं काढून ओळीत मांडली. पी, ए, एन, व्ही, ई, एल.

"हे काय आहे?"

तिनं अक्षरं जुळवली. "पनवेल."

"इथेच तू एसटीनं आलीस ना. आता याच्या पोटात काय काय आहे ते बघ. कमीत कमी तीन अक्षरं."

पॅन सापडला. पेन सापडलं. पेणला आपली मावशी असते, असंही तिनं सांगून टाकलं. प्लॅन, प्लेन, लॅप. मग सरांनी चार-पाच झाकणं बोटानं सरकवली आणि म्हणाले, हा मी देतो. नेव्हल. अर्थ ओळखा. कुणालाच येईना. तेव्हा सरांनी इकडेतिकडे पाहून शर्टाच्या मधल्या बटणावर बोट ठेवलं.

"बेंबी?" पाटीलमामा म्हणाले. "आयला, एवढी वर्षं पनवेल-पनवेल ओरडून माणसं गाडीत भरली, आत बेंबी आहे हे कोणी बोललं नाही."

सविता तोंडावर ओढणी धरून हसली, आणि हसत हसत बसली. तिला बसवायला सरांना एवढंच लागलं.

त्याच सहा अक्षरांत 'व्हीनल' असाही शब्द आहे. पैसे घेऊन विकला जाणारा, असा त्याचा अर्थ. तो मला सापडला होता आणि उदाहरणं माझ्या जिभेवर तयार होती. सरांनी हात वर केला. "नावं नकोत. वाचनालयाला अनुदान मिळतं."

आता त्या टेबलाचा कायदा सांगायला हवा. सरांकडे शब्द सापडून भागत नसे. अर्थ सांगावा लागे, तोही आपल्या बोलीत. पुस्तकातला पाठ केलेला चालत नसे. बोलून सांगता आला नाही तर करून दाखवा, नाहीतर वस्तू आणून दाखवा. "अर्थ नाही तर शब्द नाही," हे त्यांचं एकमेव ब्रीद. अर्थ पटला की सर टेबलावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, "मंजूर."

पाटीलमामांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "सर, ही तर आमची डबल बेल. दोनदा वाजली की गाडी सोडायची."

"मग बरोबर आहे. अर्थ चढला, गाडी सोडा," सर म्हणाले.

मंजूर झालेल्या शब्दाचं बारसं व्हायचं. ज्याला सापडला तो त्याची आत्या. आत्यानं तो शब्द आणि त्याचा अर्थ शेजारच्याच्या कानात सांगायचा, शेजारच्यानं पुढच्याच्या, आणि सगळ्यांनी मिळून आत्याच्या पाठीत हळूच धपाटा घालायचा. पुढे कुणी तो शब्द विसरलं, तर पुस्तक उघडायचं नाही, आत्याला विचारायचं. सर म्हणायचे, आमच्याकडे बाळाच्या कानात अजान देतात, तुमच्याकडे आत्या कुर्र करते; कान दोन्हीकडे लागतोच. पाटीलमामांना आत्या व्हायची लाज वाटायची. निदान मामा तरी म्हणा, असं त्यांनी एकदा सुचवून पाहिलं.

"मामाला बारशात काम नसतं, मामा. जेवायला या," सर म्हणाले.

एका शनिवारी ओ आणि ई यांचं घराणं टेबलावर होतं. ही दोन झाकणं मागे ठेवायची आणि पुढे एकेक अक्षर लावत जायचं. टी लावला, टो झाला. सवितानं चप्पल काढून पायाचं बोट दाखवलं. मंजूर. एफ लावून फो झाला, वैरी. पाटीलमामा म्हणाले, "सकाळच्या पहिल्या फेरीला पाचशेची नोट काढणारा." मंजूर. डब्ल्यू लावून वो, म्हणजे दुःख. मामा परत म्हणाले, "त्याच्याकडे खरंच सुटे नसणं." सरांनी टकटक करताना चष्मा काढून डोळे पुसले, इतके ते हसले. मग आर लागला. आर-ओ-ई, रो. माशाची अंडी, असं सर म्हणाले. सविता म्हणाली, म्हणजे गाबोळी. बरोबर, पण आत्या व्हायचं तर दाखव. पुढच्या शनिवारी तिनं डबा उघडला. तव्यावर खरपूस भाजलेली, मीठ-मसाला लावलेली गाबोळी. वाचनालयात खायला बंदी आहे अशी पाटी बरोबर आमच्या डोक्यावर होती. सरांनी खिडकी उघडली, पाटीकडे पाठ केली आणि एक तुकडा तोंडात टाकला.

"बाई, या शब्दाचा अर्थ मला आयुष्यभर मिळमिळीत माहीत होता," ते म्हणाले, आणि दोनदा टकटक केलं.

माझंही एकदा बारसं झालं. मी नवं पत्रक घेऊन गेले होते: 'शिक्षणाचे बाजारीकरण हाणून पाडा'. सरांनी चष्मा लावून ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. जबान जोरदार आहे, म्हणाले. मग मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं. बाजारीकरण. आत्या तूच, सांग अर्थ. मी सुरुवात केली ती नवउदारमतवादी धोरणांपासून.

"सर, ही आत्या दुसरंच बाळ दाखवतेय," पाटीलमामा म्हणाले.

मी तापले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकले. सर शांतपणे नानकटाईचे दोन तुकडे करत बसले होते. शेवटी मी वैतागून म्हणाले की, कामोठ्यात ज्याच्या खिशात फी आहे त्याला प्रश्न कसा सोडवायचा ते सांगतात, आणि ज्याच्या खिशात नाही त्याला सांगतात की तुझ्या डोक्यात काही नाही. सरांनी दोनदा टकटक केलं. "मंजूर. आता हे छाप." मी तसं छापलं. त्या वेळी शेंगदाणे जरा कमी बांधले गेले, असं मला वाटतं.

सर स्वतःच्या नावावर मात्र खूश नव्हते. मुकादमची अक्षरं मांडली की मॅड, मड आणि डॅम. वेडा, चिखल आणि धरण. एवढ्या वर्षांत यापलीकडे काही काढता आलं नाही, म्हणायचे; माणूस गरीब, नावही गरीब.

दिवाळीनंतर सवितानं परीक्षेचा फॉर्म भरला. हे आपोआप झालं नाही. दोनदा ती पाटीलमामांबरोबर शाळेच्या दारापर्यंत जाऊन परतली. मामांनी तिला काही उपदेश केला नाही. फक्त प्रत्येक वेळी परतीच्या वाटेवर सगळ्या दुकानांच्या पाट्या वाचायला लावल्या आणि प्रत्येक पाटीच्या पोटातले शब्द मागितले. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, पाट्या वाचून कंटाळा आला, त्यापेक्षा फॉर्म भरते.

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात एक छोटा प्रश्न असतो. एक मोठा शब्द देतात आणि त्यातल्या अक्षरांपासून चार छोटे शब्द करा म्हणतात. गुण थोडेच. पण कोऱ्या पेपराकडे बघून थिजणाऱ्या माणसाला पेन टेकवायला एक जागा मिळते. सरांचा सगळा डाव त्या एका जागेवर होता. एकदा पेन टेकलं की पुढचं ती करेल, याची त्यांना खात्री होती.

पेपरच्या दिवशी आम्ही तिघं केंद्राबाहेर उभे होतो. अर्धा तास झाला तशी सरांनी छत्री या हातातून त्या हातात घ्यायला सुरुवात केली. ती बाहेर आली नाही. तास झाला. मामा फाटकाच्या फटीतून बघून आले. शेवटी घंटा झाली आणि सगळ्यांबरोबर सविता आली, चेहरा फुललेला.

"सर, लय मजा आली."

इंग्रजीच्या पेपराहून बाहेर येऊन असं बोललेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. सरांनीही पाहिलं नसावं, कारण त्यांचा चेहरा लगेच सावध झाला. तिनं भराभर सांगितलं. शब्द होता 'फिशरमन'. त्यातून फिन निघाला, फिश तर होताच, शी, हर, मॅन, नेम, फार्म, शेअर, फीअर. ती थांबलीच नाही. आणि प्रत्येकापुढे तिनं अर्थ लिहिला. मराठीत. फिन म्हणजे माशाचा पर. शेअर म्हणजे आपला वाटा. फीअर म्हणजे पेपर हातात आल्यावर पोटात होतं ते.

"चार विचारले होते ना?" सरांनी हळू विचारलं.

"चारानी काय होतंय, सर? अख्खं पान भरलं."

"आणि शेवटचं पत्र?"

तिचं हसू तिथेच अडलं. पत्र लिहायला वेळच उरला नव्हता. त्याच्या आधीचं एक उत्तरही अर्धं राहिलं होतं.

"चार स्टॉपची गाडी होती, तू थेट गोव्याला नेलीस," पाटीलमामा म्हणाले. एरवी या बोलण्यावर सगळे हसले असते.

सरांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला आणि स्वतःचा ग्लास तसाच गाड्यावर ठेवून ते निघून गेले.

त्यानंतरच्या शनिवारी टेबलावर आलेले सर मी ओळखले नाहीत. नानकटाई होती, झाकणं होती, पण ते खिडकीबाहेरच बघत होते. पाटीलमामांनी नेहमीप्रमाणे काहीतरी जुळवलं. एन-ए-व्ही-ई. "नेव्ह," ते म्हणाले, आणि अर्थ माहीत नसल्यामुळे आता बोलणी खायची या तयारीनं मान खाली घातली.

सरांनी दोनदा टकटक केलं. "मंजूर."

मामा दचकले. एवढ्या शनिवारांत त्यांचा एकही शब्द असा फुकटात मंजूर झाला नव्हता. "सर, अर्थ?"

"राहू द्या, मामा. पेपरात अर्थ विचारत नाहीत."

सवितानं हात पुढे केला आणि ती चारही झाकणं परत पिशवीत टाकली. मग सर म्हणाले, "सविता, माझ्या या हट्टापायी तुझा पेपर गेला असेल बेटा. चार शब्द लिहून पुढे जायचं, हे मी तुला शिकवायला हवं होतं."

"सर, दोन टायमाला मी कोरा पेपर देऊन आलते," ती म्हणाली. "या टायमाला पान पुरलं नाय. गेला असंल तर जाऊ द्या, मी परत बसंन. घड्याल लावून बसंन. पन अर्थ नाय तर शब्द नाय, ते तुमीच बोललाव. आता तुमी मागं नाय जायाचं."

सरांनी पिशवी पुढे ओढली, तीच चार झाकणं शोधून काढली आणि मामांसमोर ठेवली. नेव्ह म्हणजे चर्चमधला मधला लांब सोपा, लोक बसतात तो. मामांनी विचार करून म्हटलं, म्हणजे एसटीतली दोन बाकांमधली वाट सोडून बाकीचं सगळं. सर म्हणाले, अर्धं मंजूर, आणि एकदाच टकटक केलं. टेबलाचा कायदा पुन्हा जागेवर आला.

निकाल सवितानं वाचनालयातच बघितला, मामांच्या मोबाइलवर. मामांनी आकडा वाचला आणि कंडक्टरच्या आवाजात पुकारला. अडतीस. पास. वाचनालयात शांतता राखा अशी पाटीही आमच्या डोक्यावर होती. तिचं त्या दिवशी कुणीच ऐकलं नाही. सर उठून उभे राहिले आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. नाक शिंकरल्याचा आवाज तेवढा आला. पुढच्या शनिवारी सवितानं डबा आणला. गाबोळी सासूनं दिली होती, निरोपासकट: "एबीसीडीनं मासली सस्ती नाय झाली, पन मास्तरला फुकट."

पुढच्या वर्षी सरांचे डोळे अधू झाले. झाकणावरची लाल अक्षरं त्यांना बोटांनी चाचपावी लागायची. मुलगी महाडहून आली आणि त्यांना न्यायचं ठरलं. सरांनी फारसा वाद घातला नाही. झाकणांची पिशवी सविताच्या हातात दिली आणि सांगितलं की क्यू नावाचं झाकण हरवलं आहे, नवं करून घे.

एसटी स्टँडवर आम्ही तिघं गेलो होतो. सर खिडकीशी बसले, शेजारी मुलगी, छत्री मांडीवर. पाटीलमामा कंडक्टरला सूचना देत होते की वडखळला गाडी थांबली की म्हाताऱ्यांना पाय मोकळे करायला उतरू दे. गाडीचं इंजिन सुरू झालं तशी सविता खिडकीपाशी धावली.

"सर, तुमच्या नावात अजून एक हाय. एम-यू-एम."

सरांना आवाज नीट आला नसावा, किंवा आला असावा आणि कायदा तो कायदा. त्यांनी हात कानामागे धरला. "मम? अर्थ?"

सविताच्या तोंडून अर्थ निघेना. जिनं एवढ्या दिवसांत कुणाचा शब्द अर्थाशिवाय जाऊ दिला नाही, ती ओढणी तोंडावर धरून उभी राहिली. इंजिन घुरघुरत होतं. सरांचा हात कानामागेच होता.

तेव्हा पाटीलमामा, ज्यांनी उभ्या जन्मात गर्दीत आपला आवाज वाया जाऊ दिला नव्हता, ओरडले, "आई, सर! आई म्हणतेय ती तुम्हाला!"

अख्ख्या स्टँडनं मागे वळून पाहिलं. सरांनी हात खाली घेतला, खिडकीतून बाहेर काढला, आणि गाडीच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं. ड्रायव्हरला वाटलं कंडक्टरनंच केलं. त्यानं गाडी सोडली.

मला दिसलेले सर एवढेच. सविता आता बारावीची तयारी करते आणि शनिवारी खिडकीजवळच्या टेबलावर बसते. छत्रीच्या जागी तिची पिशवी अडकवलेली असते.

तुम्हाला मात्र पनवेलला यायची गरज नाही. सुरुवातीला विचारलेला प्रश्न आठवा. जे माणूस तुम्हाला तेव्हा आठवलं, त्याच्याशेजारी या शनिवारी जाऊन बसा. त्याच्या गावाचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहा आणि विचारा, याच्या पोटात काय काय आहे? घाई करू नका, हसू नका, उत्तर आधी सांगू नका. आणि शब्द सापडला की त्याचा अर्थ त्याच्या बोलीत येईपर्यंत थांबा. तो आला, की टेबलावर दोनदा टकटक करा.